एकोणीस दात

१४ मार्च

युद्ध सुरू झालं. सकाळी साडेदहाला, रेडिओवर. माझ्या खुर्चीत तेव्हा पोस्टमास्तर होते. तोंड उघडं, खालची दाढ अर्धी कोरलेली. बातमी ऐकून ते ताठ उठायला गेले! मी म्हटलं, बसा, देशाला तुमची गरज असेल, पण दाढेला आधी माझी आहे.

दिवसभरात अकरा पेशंट. अकरा जणांनी युद्धाची दहा कारणं सांगितली. आपल्या राजदूताला त्यांनी मेजवानीत दाराजवळच्या टेबलावर बसवलं. नदीचं पाणी. त्यांच्या पेपरातलं एक चित्र. तीनशे वर्षांपूर्वीचा कुठलासा तह. ज्याच्या तोंडात कापसाचा बोळा असतो तो सगळ्यात ठाम बोलतो, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. कारण न सांगणारा एकच — बुटांचा कारखानदार. तो नुसता हसला. तेवढं एक कारण मला पटलं.

वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी गॅलरीतून भाषण ठोकलं. “तीन आठवडे! फार तर चार!” खाली रस्ताभर माणसं. टाळ्या. मीही वाजवल्या.

१५ मार्च

ही म्हणाली, “तुम्ही टाळ्या वाजवल्यात?”

मी म्हटलं, “हळू वाजवल्या.”

२ एप्रिल

सरकारी चिठ्ठी आली. भरती मंडळावर दंतवैद्य म्हणून माझी नेमणूक. मुलींच्या शाळेच्या व्यायामशाळेत तीन टेबलं — डोळे, छाती, दात. मंडळाचे प्रमुख एक निवृत्त कर्नल. त्यांचे स्वतःचे दात वरचे पण खोटे, खालचे पण खोटे. त्यांनी नियम वाचून दाखवला: तोंडात किमान वीस चांगले दात पाहिजेत. का? तर आघाडीवर बिस्किटं फार कडक असतात!

शत्रूला चावायचं नाही, बिस्किटाला चावायचं आहे. निदान ध्येय स्पष्ट आहे.

पोरं उघडी रांगेत उभी. लाजेने अंग चोरत. मी प्रत्येकाच्या जबड्यात आरसा घालतो, मोजतो, तक्त्यावर खुणा करतो — प्रत्येकाचा वेगळा तक्ता, कुठला दात आहे, कुठला नाही. घोडा घेतानाही दात बघतातच. पण घोड्याला निदान नंतर खरारा तरी करतात.

एका बेकरीतल्या कामगाराचे अठराच निघाले. नापास. तो तिथेच ढसाढसा रडला. “गल्लीत काय तोंड दाखवू?” मी म्हटलं, तोंड मिटून दाखव. कुणी हसलं नाही.

९ मे

वकिलांचे तीन आठवडे संपून आठ झाले. आज जिन्यात भेटले. राजदूताच्या टेबलाचा विषय मी काढला तर म्हणाले, “अहो, ते निमित्त! खरं कारण संस्कृती.” मागच्या महिन्यात खरं कारण नदी होतं. वकिलीत साक्ष फिरवली की साक्षीदार अडकतो. देशभक्तीत बढती मिळते.

त्यांचा स्वतःचा मुलगा पुरवठा खात्यात. फायलींच्या आघाडीवर. अजून तरी सुखरूप.

२० जून

आज एकजण आला. म्हणाला, दाढ दुखते. कुठली? “सगळ्या.”

या आठवड्यातला हा चौथा. एप्रिलमध्ये दात कमी म्हणून रडत होते, जूनमध्ये जास्त आहेत म्हणून रडतात. मधल्या काळात जखमींना घेऊन पहिली इस्पितळगाडी गावात येऊन गेली, बाकी काही नाही.

असल्यांची नावं मंडळाला कळवायची असा हुकूम आहे. मी दात काढत नाही, नावंही कळवत नाही. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. याला ही “तुमचा शहाणपणा” म्हणते. तिच्या बोलण्यात कौतुक नव्हतं.

४ जुलै

धाकटी बहीण आली होती. टेलिफोन खात्यातून थेट, जेवणाच्या सुट्टीत. मेहुणे गेल्यापासून तिला एकच पोरगा — माझा भाचा. आम्ही त्याला घंटी म्हणतो. सायकलच्या दुकानात दुरुस्तीला असतो आणि अखंड वाजत असतो — शीळ, गाणी, नकला. वय बावीस. त्याला बोलावणं आलंय. दहा ऑगस्टला हजर व्हायचं, शेजारच्या वॉर्डाच्या मंडळापुढे.

ती पेशंटच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “दादा, त्याचे दात काढ.”

“वेडी आहेस का? त्याच्या तोंडात एक कीड नाही.”

“म्हणून तर तुझ्याकडे आले. किडलेले काढायला कुणीही चालतं.”

“अगं, पकडलं तर मी तुरुंगात, तोही तुरुंगात.”

“तुरुंगातून परत येतात,” ती म्हणाली.

बाहेर पोस्टमास्तर वाट बघत खोकत होते. मी म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, “टाळ्या वाजवताना केला होतास?” म्हणजे हिने तिलाही सांगितलंय!

६ जुलै

घंटीला विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? म्हणाला, “मामा, मला त्या लोकांचा राग यावा म्हणून मी फार प्रयत्न केला. येतच नाही. आपल्या दुकानमालकाचा येतो.”

८ जुलै

हिशेब साधा. बत्तीस वजा तेरा — एकोणीस. तीन दुपारी काम चालेल. जखमा भरायला महिना मिळतो, काढून वर्ष झालं म्हणून सांगता येईल. मागच्या बाजूचे काढायचे, म्हणजे हसला तरी कळायला नको.

आज पहिले पाच. पंचवीस वर्षांत मी कधी चांगला दात काढला नव्हता. किडलेला दात हलतो, सुटायलाच बसलेला असतो. चांगला दात धरून बसतो. प्रत्येक वेळी हाडातून जो आवाज येतो तो पेशंटपेक्षा काढणाऱ्याला जास्त ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. हिने त्याचं डोकं धरलं होतं. मदतनीस बाईंना सुट्टी दिली होती.

तो ओरडला नाही. सगळं झाल्यावर रक्ताची गुळणी टाकून म्हणाला, “मामा, सरकार जिंकलं तर हे परत बसवता येतील का?”

१३ जुलै

तेरा पूर्ण झाले. एकोणीस उरले. घंटीचे गाल दोन्हीकडून सुजलेत. बहिणीने दुकानमालकाला निरोप पाठवला — गालगुंड. मालक स्वतः बघायला आला आणि दारातूनच पळाला. घाबरट माणूस, भरतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असतो.

९ ऑगस्ट

मंडळात आज कर्नलसाहेबांनी नवीन परिपत्रक वाचलं. मी खाली तक्ते लावत होतो.

“किमान दातांची अट तात्काळ रद्द. ज्यांना दाढा नाहीत त्यांची वेगळी तुकडी करावी, त्यांना पातळ अन्न देण्यात यावं.”

छातीवाले डॉक्टर म्हणाले, सूप-पलटण! सगळे हसले. कर्नल हसले तेव्हा त्यांची वरची कवळी घसरली.

मी तेरा आकडा लिहून बघितला. परत लिहिला. उद्या दहा तारीख.

१० ऑगस्ट

घंटी पास झाला. पहिल्या पाच मिनिटांत.

बहिणीकडे गेलो. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिवी नाही, आरडाओरडा नाही — चहा केला. दोन कप.  निघताना म्हणाली, “त्याला आता बोलताना थुंकी उडते. आधी नाही उडायची.”

२२ ऑगस्ट

गाडी सुटली. बँड होता. बूट-कारखानदाराने प्रत्येकाला फूल दिलं. दोन नवे सोन्याचे दात बसवलेत त्याने — माझ्याकडे नाही, राजधानीतून. घंटी खिडकीतून ओरडून काहीतरी म्हणाला. शीळ घालायला गेला, नुसतीच हवा आली. म्हणून मग हात हलवला.

१७ ऑक्टोबर

पावात भुसा मिसळतात. कुणी म्हणतं वाळूही. आठवड्यात सहा दात तुटलेले आले. धंदा जोरात! युद्धाचा फायदा फक्त कारखानदारांनाच होतो असं नाही.

२९ नोव्हेंबर

लग्नाच्या जाहिराती वाचणं हा हिचा जुना छंद. पूर्वी वराच्या वर्णनात असायचं: निर्व्यसनी, स्वतःचं घर. आज तिने मोठ्याने वाचलं, “वय पंचेचाळीस, एक डोळा, दोन्ही पाय शाबूत.” खाली लिहिलंय — घाईने अपेक्षा कळवाव्यात.

ट्राम आता बायका चालवतात, पत्रं बाई टाकते, विजेचे खांब बाई चढते. वकील म्हणतात हा तात्पुरता उपाय, पुरुष परतले की सगळं पूर्ववत होईल. खांबावरची बाई वरून ऐकत होती. म्हणाली, “काका, बाजूला व्हा, पक्कड पडेल.” झाले बाजूला.

शाळा इस्पितळात बदलली. पोरं रस्त्यावर युद्ध खेळतात. शत्रू व्हायला कुणी तयार नसतं म्हणून चाळीतल्या सगळ्यात धाकट्या मुलीला रोज शत्रू करतात. ती रोज मरते आणि रोज जेवायला घरी जाते.

२ जानेवारी

नवी वही. जुनी दातांच्या साच्यांच्या प्लास्टरच्या डब्याखाली.

युद्ध का चाललंय हे आता कुणी विचारत नाही. वकिलांना मुद्दाम विचारलं. म्हणाले, “इतकी माणसं गेली, ती वाया जाऊ द्यायची का?” म्हणजे लढायचं कारण आता लढाईच! हे मात्र कारण पक्कं. कधी संपायचं नाही.

१८ जानेवारी

मंडळाने मला नवीन काम दिलं. स्टेशनमागे बर्फाच्या कारखान्याची शेड आहे. आघाडीवरून ज्यांना चेहरा राहिला नाही, ओळखीचा बिल्ला सापडला नाही, ते तिथे येतात. मी त्यांचे दात बघायचे, भरतीच्या वेळचे तक्ते जुळवायचे, नाव शोधायचं. रोज सकाळी आठ ते अकरा. मग दवाखाना.

तक्ते माझेच. हस्ताक्षर माझंच. जाताना मी मोजले होते, येतानाही मीच मोजतो.

बेकरीतला तो रडणारा आज आला. अठरा. नियम बदलल्यावर त्याला घेतलं असणार. मी त्याला ओळखलं आणि नाव लिहिलं. यात विनोद करण्यासारखं काही सापडलं नाही.

६ फेब्रुवारी

बहिणीच्या दारावर कुणीतरी चुन्याने लिहिलं: पळपुट्याचं घर. घंटी जखमी होऊन परत येताना इस्पितळगाडीतून बेपत्ता झालाय. शिपाई येऊन घर उलथंपालथं करून गेले. तिचं रेशनकार्ड काढून घेतलं. टेलिफोन खात्यात तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवतात.

ही आणि मी ओला फडका घेऊन दार पुसायला गेलो. भरदुपारी. वकिलांच्या बायकोने बघितलं आणि खिडकी लावली.

९ फेब्रुवारी

दुपारी पेशंटमध्ये एक माणूस बसला होता. डोक्यापासून हनुवटीपर्यंत बँडेज. आतून बोलावलं तर आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मामा, दाढ दुखते.”

कुठली?

“एकही नाही.”

मी दार लावून घेतलं. बँडेज सोडलं. हनुवटीवर छोटीशी जखम होती फक्त. बाकी बँडेज चेहरा लपवायला. चार दिवस चालत आला होता. ज्या स्टेशनात सगळे बायकांना हात हलवत उतरले, तिथे दुसऱ्या बाजूने हा उतरला.

“घाबरून पळालास?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“घाबरत तर रोजच होतो. पण त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आठवड्यात बरा होशील. तेव्हा उतरलो.”

हिने त्याला प्लास्टर ठेवायच्या खोलीत झोपवलं. मला म्हणाली, “आता हळू टाळ्या नका वाजवू. काहीतरी करा.”

१५ फेब्रुवारी

शनिवारच्या गाडीने सात जण आले. चौघांची नावं लागली. सहावा — पुलावर तेलाचा टँकर जळाला, तिथला. चेहरा नाही, बिल्ला नाही, कपडेही नाहीत. जबडा मात्र पूर्ण. वयाने विशीतला. दात बत्तीस, एकही किडलेला नाही. माझ्या किंवा शेजारच्या वॉर्डाच्या कुठल्याच तक्त्याशी जुळत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या मंडळाचा.

मी रजिस्टर उघडलं. मग रकान्यात लिहिलं: एकोणीस. पुढे घंटीचं नाव.

कर्नलसाहेब सहीला आले. नाकावर रुमाल, मान दुसरीकडे. नाव वाचून एकदम खूश झाले. “म्हणजे पोरगा पळालाच नव्हता! छान, छान. तुमचा भाचा ना? अभिनंदन.” नंतर चूक लक्षात आली असावी, कारण म्हणाले, “वाईट झालं.” पळपुटे कमी आणि हुतात्मे जास्त झाले की त्यांचा अहवाल शोभून दिसतो. सही करताना त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिळे माझ्यासमोर ठोकले.

एवढं सोपं असतं! मी उगाच तेरा दात काढले.

१६ फेब्रुवारी

बहिणीला खरं सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि पहिल्यांदाच, ऑगस्टनंतर पहिल्यांदाच, दादा म्हणाली. मग विचारलं, “रडायचं कसं रे? मला जमेल?”

घंटी पहाटेच्या विटांच्या ट्रकमधून हिच्या भावाच्या भट्टीवर गेला. तिथे तो भट्टीवाल्याचा मुका पुतण्या. त्याला गप्प बसायला लावणं हीच त्या घराची खरी कसोटी.

१९ फेब्रुवारी

अंत्ययात्रा. सगळी गल्ली लोटली. ज्यांनी दारावर लिहिलं होतं तेही असणारच. खांदा द्यायला फार गर्दी होती. दुकानमालक म्हणाला, असा कामगार पुन्हा मिळायचा नाही. बूट-कारखानदाराने माणसामागे एक हार या हिशेबाने हारांचं गाडं पाठवलं.

वकिलांचं भाषण पाऊण तास. घंटीला लहानपणापासून शिस्तीची आवड होती! तो रोज त्यांच्याकडे येऊन देशाबद्दल विचारायचा! बहिणीने रुमालात तोंड लपवलं होतं, खांदे हलत होते. मला वाटलं, ती हसतेय, मेलो आता. मी तिला आड करून उभा राहिलो. जवळून बघितलं तर ती खरोखर रडत होती. थांबेचना. घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, “पेटी जड होती रे. आत कुणीतरी होतं.”

मी म्हटलं, होतं.

२१ फेब्रुवारी

रेशनकार्ड परत मिळालं. वर शिक्का: वीरमातेसाठी. टेलिफोन खात्यात शेजारच्या खुर्चीवर बसायला आता भांडणं होतात म्हणे. वकिलांनी जिन्यात माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “तुमच्या घराने दिलं.” मी मान खाली घातली. लाज वाटली तरी माणूस तसाच दिसतो, नम्र वाटतो, एवढी सोय आहे.

ही म्हणते, ही वही जाळून टाका. जाळतो म्हटलं. इतर सगळीकडे मला जे बोलावं लागतं ते बघता, कुठेतरी खरं लिहिलेलं असावंसं वाटतं.

१ मार्च

भट्टीवरून निरोप. मुका पुतण्या बरा आहे. झोपेत बोलतो, म्हणून त्याला एकट्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय.

दिवसभर मी मजेत होतो. एका पेशंटला दोनदा विनोद सांगितला. सरकारला, कर्नलला, वकिलाला, सगळ्यांना एका आकड्यात फसवलं! असं वाटलं की या सगळ्या युद्धात जिंकलेला मी एकटाच.

११ मार्च

सकाळी शेडवर एक म्हातारं जोडपं आलं. तीन गाड्या बदलून. मुलगा टँकर चालवायचा. शेवटचं पत्र पुलाजवळच्या छावणीतून, त्यानंतर काही नाही.

बाप म्हणाला, “तुम्ही दातांवरून सांगता म्हणे, साहेब. त्याचे सगळे होते बघा. बत्तीसच्या बत्तीस. इकडे आला असेल तर घेऊन जातो. गाडीभाड्याची सोय करून आलोय.”

मी रजिस्टर उघडलं. पंधरा फेब्रुवारीच्या पानावर बोट ठेवलं. बराच वेळ वाचल्यासारखं केलं.

“नाही,” म्हटलं. “असा कुणी आला नाही.”

बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “म्हणजे आहे! कुठेतरी आहे ना, डॉक्टर?”

मी हो म्हटलं.